फोटोंचा कारभारी

ठाण्यातल्या माझ्या मावसबहिणीच्या घरी टीव्हीखालच्या खणात एक हार्ड डिस्क आहे. ती संगणकाला जोडली की फोल्डरांची नावं दिसतात ती अशी: 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर (२)', 'ताईचा जुना मोबाइल', 'ताईचा जुना मोबाइल कॉपी', 'सगळं', 'सगळं नवीन', 'मुंज फायनल', 'मुंज फायनल खरं' आणि 'नंतर बघू'. यातला सर्वांत मोठा फोल्डर कोणता, हे सांगायला नको. एकट्या 'नंतर बघू'मध्ये एकवीस हजारांवर फाइली आहेत. मुंज ज्याची झाली तो मुलगा आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला स्वतःचा मुंजीतला एक धड फोटो हवा होता, आणि तो अख्ख्या रविवारात कोणालाही सापडला नाही. तेव्हा कुठे घरातल्यांनी हे काम मनावर घेतलं. ते कसं चाललंय, हे बघायला मी अधूनमधून तिथे जात होतो.

या घरात पूर्वी असं नव्हतं. माझी मावशी अल्बम लावायची. काळ्या जाड पानांचे, मध्ये बटर पेपर असलेले, कोपऱ्यांत फोटो अडकवायचे अल्बम. छत्तीस फोटोंचा रोल महिनोन्महिने पुरवून वापरला जाई. त्यामुळे एकाच रोलात गणपती, दिवाळी आणि नाताळातली माथेरानची सहल अशी सगळी मिरवणूक असायची. रोल धुऊन आला की मावशी चार फोटो बाजूला काढायची, बाकीचे लावायची आणि खाली पांढऱ्या शाईने दोन शब्द लिहायची. चार फोटो का काढले, हे तिला कोणी विचारत नसे. अल्बम हे तिचं खातं होतं.

आज त्या घरात पाच फोन, एक बंद पडलेला डिजिटल कॅमेरा आणि दोन लॅपटॉप आहेत. फोटो सगळेच काढतात, पण खातं कोणाकडेच नाही. माझ्या मते घरोघरच्या फोटोंच्या गोंधळाचं मूळ इथे आहे. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं हा त्यामानाने फुटकळ प्रश्न. पण कारभारी नेमला तरी त्याला हिशेबाची वही वाचता यायला हवी. म्हणून आधी त्या वहीकडे वळू.

फोटोच्या फाइलीचं नाव कॅमेरा ठरवतो, आणि त्याचे नियम जपानी उद्योगांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस घालून दिले. कार्डावर 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर, त्यात १०० ते ९९९ पैकी आकडा आणि पाच अक्षरं असलेले उपफोल्डर (१००कॅनन, १००निकॉन वगैरे), आणि फोटोला चार अक्षरं व चार आकडे. आकडे चारच असल्यामुळे ९९९९ नंतर कॅमेरा परत ०००१ वर येतो. कार्ड फॉरमॅट केल्यावर नव्याने ०००१ पासून मोजणारे कॅमेरेही पुष्कळ. परिणामी एकाच घरात 'डीएससी ०००१' नावाचे चार-पाच फोटो निघतात: एकात बारसं, एकात महाबळेश्वर, एकात चुकून दाबलं गेल्यामुळे आलेली चप्पल. ते सगळे एका फोल्डरात ओतायला गेलं की संगणक विचारतो, जुनी फाइल बदलून नवी ठेवू का? घाईत 'हो' म्हणणाऱ्याच्या हातून बारसं जातं आणि चप्पल राहते. म्हणून फोटो एकत्र करण्याआधी त्यांची नावं बदलावीत. नावात तारीख आणि वेळ घातली की ही टक्कर जवळपास संपते.

पण तारीख कोणती? इथे खरी गंमत सुरू होते, आणि ठाण्यातल्या घराचा निम्मा वेळ इथेच गेला.

संगणक एका फोटोला तीन-तीन तारखा दाखवतो. एक, फाइल या डिस्कवर कधी आली. दुसरी, फाइलमध्ये शेवटचा बदल कधी झाला. या दोन्हींचा फोटो काढण्याशी संबंध असेलच असं नाही. डिस्कवरून डिस्कवर नकला होत गेल्या की पहिली तारीख दर वेळी ताजी होते. म्हणून त्या घरात २००६ ची केरळची सहल २०१७ मध्ये घडलेली दिसत होती, कारण त्या वर्षी लॅपटॉप बदलला होता. तिसरी तारीख फोटोच्या पोटात असते. तिला एक्झिफ म्हणतात. जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ मध्ये हा नमुना ठरवला. शटर दाबल्याची वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, लेन्सचं माप आणि फोनने काढलेला असेल तर बहुधा जागाही, हे सगळं फोटोच्या फाइलीतच लिहिलं जातं. विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये 'डेट टेकन' नावाचा रकाना उघडला की ती दिसते. लावणी करायची ती या तारखेवर.

ही तारीखही खरी असते ती कॅमेऱ्याचं घड्याळ खरं असेल तेवढीच. कॅमेऱ्यातला घड्याळाचा छोटा सेल संपला की तो पुन्हा आपल्या आरंभकाळी जातो. एखाद्या फोल्डरात १ जानेवारी १९८० चे फोटो दिसले, तर जुन्या फाइल पद्धतीचं कालगणन त्या दिवशी सुरू होतं एवढाच त्याचा अर्थ. १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी वेळ दिसली, तर ती युनिक्सच्या शून्य क्षणाची भारतीय वेळ. त्या पहाटे या घरातलं कोणी जन्मालाही आलेलं नव्हतं, तरी डिस्कवर त्या वेळचे गोव्याच्या किनाऱ्यावरचे रंगीत फोटो होते.

परदेशी नातेवाईक आले की नवा गुंता. मावसबहिणीच्या धाकट्या नणंदेचं लग्न डिसेंबरातलं. न्यू जर्सीचा चुलतभाऊ चांगला कॅमेरा घेऊन आला होता, पण त्याचं घड्याळ तिकडचंच राहिलं. हिवाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेदहा तास पुढे. त्यामुळे सकाळी साडेअकराच्या मुहूर्ताची मंगलाष्टकं त्याच्या फोटोंत मध्यरात्री एक वाजता होतात, आणि सगळे फोटो वेळेनुसार लावले की वर आधी माळ घालतो आणि मग नवरी नटायला बसते. एक्झिफच्या मूळ नमुन्यात देशाच्या वेळेतला फरक नोंदवायची जागाच नव्हती. ती २०१६ च्या सुधारणेत आली. यावर उपाय सोपा आहे आणि मला तो फार आवडला. दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपलेला एकच क्षण शोधायचा. लग्नात असा क्षण हुकमी मिळतो: अंतरपाट दूर होतो तो. दोन फोटोंच्या वेळांतला फरक काढायचा आणि एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो तेवढे सरकवायचे. कॅनडातल्या फिल हार्वी यांनी २००३ पासून फुकट उपलब्ध करून दिलेला 'एक्झिफटूल' हा प्रोग्राम हे एका ओळीच्या आज्ञेत करतो. आज्ञा टाइप करायचा कंटाळा असेल तर 'डिजिकॅम'मध्ये बटणं दाबूनही होतं, आणि तोही फुकट आहे.

व्हिडिओंचं आणखी वेगळं. फोनच्या व्हिडिओ फाइलीत वेळ सहसा ग्रिनिचची लिहिली जाते आणि काही प्रोग्राम ती तशीच वाचतात. नरकचतुर्दशीला पहाटे पावणेपाचला घेतलेला अभ्यंगस्नानाचा व्हिडिओ मग आदल्या रात्री सव्वाअकराला जाऊन बसतो. फोटो चतुर्दशीचे, व्हिडिओ त्रयोदशीचा. हे दिसलं की घाबरायचं नाही, साडेपाच तास मिळवायचे.

आणि तिथी? तिचा तर या यंत्रांना पत्ताच नाही. फोन रोज सकाळी 'आजच्या दिवशी' म्हणून जुने फोटो पुढे करतो. २ सप्टेंबर २०१९ ला गणेश चतुर्थी होती. म्हणून २०२३ च्या २ सप्टेंबरला, निज श्रावणात, चतुर्थीला सतरा दिवस असताना, त्याने मखरातला बाप्पा दाखवला. चतुर्थी २०२० मध्ये २२ ऑगस्टला आली आणि २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला. तेव्हा 'गणपतीचे सगळे फोटो' महिन्यावरून शोधू गेलं तर अर्धे निसटतात. त्यासाठी सणाचं नाव माणसानेच लिहायला हवं.

म्हणून फोल्डरची रीत त्या घराने अशी ठरवली: वरती वर्ष, त्याच्या आत '२०१९-०९-०२ गणपती' असा प्रसंग. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. असं लिहिलं की नावांची अकारविल्हे आपोआप काळाच्या क्रमाने लागते. (छपाईत इथे आकडे देवनागरी आहेत. संगणकावर ते इंग्रजी ठेवावेत, कारण नावातली तारीख ओळखणाऱ्या बऱ्याच प्रोग्रामांना तेच कळतात. प्रसंगाचं नाव खुशाल मराठीत लिहावं.) 'सण', 'सहली', 'माणसं', 'ऑफिस' असे कप्पे पाडायचा मोह मेहुण्यांना झाला होता. दुसऱ्याच दिवशी अडचण आली: गणपतीत गावी गेलो तो सण की सहल? एक फोटो एकाच फोल्डरात राहू शकतो, म्हणून फोल्डर काळाचा असावा. बाकीची सगळी वर्गवारी टॅगांवर सोपवावी, कारण एका फोटोला टॅग हवे तितके लावता येतात.

टॅग लिहायचे कुठे, हा मात्र पैशाच्या व्यवहाराइतका जपून करायचा निर्णय आहे. गूगलने २००४ मध्ये विकत घेतलेला आणि फुकट वाटलेला पिकासा अनेक मराठी घरांत होता. माझ्या ओळखीतल्या किती तरी निवृत्त काकांनी पहिल्यांदा फोटो लावले ते त्यात. २००९ पासून तो चेहरे ओळखू लागला आणि काकांनी रात्री-रात्री जागून नावं भरली. मार्च २०१६ मध्ये गूगलने पिकासा बंद केला. पिकासात लिहिलेल्या फोटोखालच्या ओळी जेपीजी फाइलीच्या आत जात असत, म्हणून त्या आजही इतर प्रोग्रामांत वाचता येतात. चेहऱ्यांची नावं आणि अल्बम मात्र, वेगळी सोय मुद्दाम चालू केली नसेल तर, पिकासाच्या स्वतःच्या नोंदींत राहत. संगणक बदलला आणि ती गेली. भाड्याच्या घराला स्वखर्चाने टाइल्स बसवण्यासारखा तो प्रकार झाला. ॲपलचे आयफोटो आणि ॲपर्चर हे दोन प्रोग्रामही साधारण त्याच सुमारास गेले. तेव्हा नवा प्रोग्राम निवडताना एकच चौकशी करावी: मी लिहिलेलं हा फोटोच्या फाइलीत लिहितो, की स्वतःच्या वहीत? डिजिकॅममध्ये फाइलीत लिहिण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. मग एका फोटोवर मराठीत ओळ लिहावी, तो दुसऱ्याच प्रोग्रामात उघडावा आणि अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं येत नाहीत ना, ते पाहावं. हजार फोटोंवर लिहून झाल्यावर ही तपासणी करण्यात अर्थ नाही.

आता नावं. चेहरे गोळा करायचं काम संगणक बऱ्यापैकी करतो. तो एका माणसाचे शेकडो फोटो पुढे ठेवतो आणि विचारतो, हे कोण? ठाण्यात या प्रश्नाला पहिलं उत्तर आलं: 'आत्या'. कोणाची आत्या? मावसबहिणीची आत्या, तिच्या मुलांची आत्या आणि मेहुण्यांची आत्या अशा तिघी एकाच टॅगखाली जमा झाल्या. नात्याचं नाव बोलणाऱ्यागणिक बदलतं, त्यामुळे टॅगमध्ये माणसाचं नाव हवं आणि नातं हवं असेल तर ओळीत.

पण नावही सरळ नसतं. आपल्याकडे लग्नात बाईचं आडनाव बदलायचं, आणि पुष्कळ घरांत ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून पहिलं नावही बदलायचं. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंत एक मुलगी परकर-पोलक्यात आहे, शाळेच्या गटात आहे, आणि मग एकदम दुसऱ्याच नावाने, दुसऱ्याच घरातल्या बायकांच्या रांगेत उभी आहे. संगणकाला दोन्ही चेहरे एक वाटले. मुलांना वाटले नाहीत. आजीला माहेरी कमल म्हणत, हे त्यांना त्या दिवशी कळलं. टॅग आता 'सुनंदा (माहेरची कमल)' असा आहे. माहेरचं नाव जपण्याची ही जागा मला तरी लग्नपत्रिकेपेक्षा बरी वाटते.

जुन्या छापील फोटोंबद्दल थोडं. साध्या फोटोला ६०० डीपीआयला स्कॅन पुरेसं होतं, निगेटिव्ह असेल तर त्याच्या चौपट तरी हवं. फोटोची पाठही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, 'चि. बाळास सप्रेम' असा मजकूर तिथेच असतो, आणि फोटो अल्बमात चिकटवलेला असेल तर तो गेलेलाही असतो. स्कॅनर फाइलीवर आजची तारीख टाकतो. ती तशीच ठेवली तर आजोबांचं लग्न नातवाच्या दहावीनंतर लागतं. नेमका दिवस माहीत नसतो, तेव्हा १ जानेवारी १९६८ अशी काहीतरी तारीख घालावी आणि ओळीत 'अंदाजे' असं लिहावं. हा शब्द विसरू नये. नाहीतर पुढच्या पिढीतला कोणीतरी हौशी इतिहासकार नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी लग्न लागल्याचं छातीठोक सांगत फिरेल. मुंबईत अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेला 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' घरगुती जुने फोटो जमवतो, आणि तिथे प्रत्येक फोटोबरोबर त्यामागची हकीकत असते. घरच्या संग्रहालाही ते लागू आहे. ज्यांना चेहरे ओळखू येतात त्यांना दुपारच्या चहाला बोलवावं, फोटो मोठ्या पडद्यावर लावावेत आणि त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करावं. टाइप नंतर करता येतं.

व्हॉट्सॲपने या सगळ्यात जो धुमाकूळ घातला आहे, त्याला वेगळा अंक लागेल. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तो आक्रसून लांब बाजूला १६०० पिक्सेलांच्या आसपास आणतो आणि पोटातली एक्झिफ नोंद काढून टाकतो. जेपीजी ही पद्धतच मुळी, डोळ्याला सहज जाणवणार नाही असा तपशील टाकून देऊन जागा वाचवण्याची आहे. तिच्या गाभ्याचं गणित बंगळूरुत जन्मलेले नासिर अहमद यांनी नटराजन आणि राव या सहकाऱ्यांबरोबर १९७४ मध्ये मांडलं, आणि १९९२ मध्ये जेपीजीचा नमुना ठरला. फोटो पुन्हा पुन्हा नव्याने दाबला गेला की दर वेळी आणखी थोडं जातं. १६०० पिक्सेलांचा फोटो पोस्टकार्डाएवढा छापला तर छान येतो. भिंतीवर लावायला मोठा केला की चेहरे मेणाचे दिसतात. अँड्रॉइड फोनवर फाइलीच्या नावात तारीख दिसते खरी, पण ती फोटो त्या फोनवर आल्याची असते. लग्नाचे फोटो मागायचे तर 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगावं, किंवा भाच्याला घरी बोलवून केबलने घ्यावेत. जेवायलाही थांबेल.

एकाच फोटोच्या अनेक प्रती काढून टाकण्यासाठी 'डुपगुरू' किंवा 'चकावका'सारखे फुकट प्रोग्राम आहेत. अक्षरशः सारख्या फाइली ते बिनचूक शोधतात, त्या डोळे झाकून उडवाव्यात. 'दिसायला सारखे' असे जे फोटो ते काढतात, तिथे मात्र डोळे उघडे हवेत. सहसा मोठी फाइल मूळची असते, पण कधी कधी छोटीवरच कोणीतरी नावं लिहिलेली असतात. शुभ सकाळची फुलं, वाढदिवसाचे केक आणि वधुवर मंडळांचे बायोडेटा यांना वेगळं काढणं सोपं आहे: बहुतेकांत कॅमेऱ्याचं नावच नसतं. तेवढ्यावर चाळणी लावली आणि ठाण्यातला 'नंतर बघू' एका बैठकीत निम्म्यावर आला. त्या चाळणीत व्हॉट्सॲपने आलेले घरचे फोटोही अडकतात, म्हणून पुसण्याआधी एक नजर टाकावी.

प्रती जपण्याबद्दल पीटर क्रो या अमेरिकी फोटोग्राफरने घालून दिलेला हिशेब आता सगळीकडे मानला जातो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारची माध्यमं, एक प्रत घराबाहेर. घराबाहेर का, हे मुंबई-ठाण्याला सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तळमजल्यावरच्या घरांतून नंतर उन्हात वाळत घातलेले अल्बम आठवत असतील. सांगली-कोल्हापूरकरांनी २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेच पाहिलं. एकाच कपाटात ठेवलेल्या तीन डिस्क म्हणजे एकच प्रत. ठाण्याच्या घराने याला सणाची जोड दिली आहे: मेहुण्यांची बहीण नाशिकला असते, भाऊबीजेला मेहुणे ताजी डिस्क ओवाळणीबरोबर देतात आणि गेल्या वर्षीची परत आणतात.

गूगल फोटोज आहे ना, मग डिस्क कशाला, असं विचारणारे असतात. २०१५ मध्ये ते सुरू झालं तेव्हा थोडी कमी प्रत स्वीकारली तर जागा अमर्याद आणि फुकट होती. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या कोट्यात धरले जाऊ लागले. सोय उत्तम आहे, शोध तर अफलातून आहे. पण ती आरशासारखी वागते: ॲपमधून फोटो पुसला की फोनमधून आणि मेघातून, दोन्हीकडून जातो. कचराटोपलीत ६० दिवस राहतो, मग संपलं. सगळे फोटो परत घ्यायचे तर 'टेकआउट' नावाची सोय आहे. मात्र ॲपमध्ये दुरुस्त केलेल्या तारखा आणि लिहिलेल्या ओळी फोटोत न येता शेजारच्या वेगळ्या फाइलींत येतात, आणि त्या जुळवत बसावं लागतं.

शिवाय खातं एकाच माणसाचं असतं. दोन वर्षं वापर नसलेलं खातं गूगल पुसू शकतं, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून ते तसं करू लागलं आहे. खातेदार गेला आणि पासवर्ड कोणाला ठाऊक नाही, ही गोष्ट आता घरोघर घडते. त्यासाठी गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे, ॲपलमध्ये 'लेगसी काँटॅक्ट' आहे. दोन्हींत आपल्यामागे कोणाला प्रवेश द्यायचा ते आधीच नोंदवता येतं. मृत्युपत्र करणाऱ्या किती जणांनी हे केलंय, ते जरा आपल्या ओळखीत विचारून बघा.

ठाण्यातल्या घराने शेवटी कारभारी नेमला: मुंज झालेल्या मुलाची धाकटी बहीण. मेहुण्यांना वाटत होतं की संगणक आपल्याला जास्त कळतो. ते खरंही आहे. पण तेच 'मुंज फायनल खरं'चे कर्ते. मुलीने काम घेताना अटी घातल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी फोन आणि केबल घेऊन बसायचं. तिच्या परवानगीवाचून डिस्कवर नवा फोल्डर करायचा नाही. या दोन अटी लगेच मंजूर झाल्या. तिसरी अशी की कोणता फोटो ठेवायचा आणि कोणता पुसायचा, हे एकटी ती ठरवेल आणि कारण सांगणार नाही. त्यावर घरात अजून बोलणी चालू आहेत. मेहुण्यांच्या पहिल्या गाडीचे, सगळ्या बाजूंनी काढलेले बेचाळीस फोटो २०११ च्या फोल्डरात आहेत आणि मुलीच्या मते दोन पुरेत. मावसबहीण म्हणते, पाच ठेव.